वाचक विचारतात : बांध तोच, पाणी तेच, मग आत्ताच धोकादायक कसा झाला?

प्रश्न : नमस्कार सर. आम्ही जॉर्जियात अटलांटाच्या उत्तरेला राहतो. आमच्या सबडिव्हिजनमध्ये एक लेक आहे, साधारण १४ एकरांचा, त्याला मातीचा बांध आहे, उंची २८ फूट. १९६० च्या दशकात कुणा शेतकऱ्याने गुरांना पाणी म्हणून बांधला होता म्हणे, नंतर बिल्डरने जमीन घेतली, घरं झाली आणि लेक आणि बांध एचओएच्या (घरमालकांच्या संघटनेच्या) नावावर आले, म्हणजे आम्हा घरवाल्यांच्याच. आता स्टेटचं लेटर आलंय की तुमचं धरण कॅटेगरी दोनमधून कॅटेगरी एकमध्ये टाकलंय, इंजिनीयर नेमा, परमिट घ्या. आम्ही बांधाला हातसुद्धा लावलेला नाही, कुठे भेग नाही काही नाही, मग आत्ताच धोकादायक कसा झाला? शिवाय खालच्या अंगाला जी घरं झाली ती आमच्या नंतर झाली, त्यांच्यासाठी खर्च आम्ही का करायचा? मीटिंगमध्ये रोज भांडणं, काहीजण म्हणतात मशीन लावून बांध फोडून टाकू, कटकट संपेल. मी खजिनदार आहे त्यामुळे सगळं माझ्याच गळ्यात आहे.
— एक वाचक, जॉर्जिया

उत्तर : सगळ्यात आधी त्या लेटरचा अर्थ नीट समजून घ्या आणि मीटिंगमध्ये तोच पहिल्यांदा सांगा, कारण अर्धी भांडणं तिथेच मिटतील. तुमचा बांध वाईट आहे असं स्टेटने कुठेही म्हटलेलं नाही. कॅटेगरी ही बांधाच्या तब्येतीची नसतेच, बांध उद्या फुटलाच तर खाली काय होईल याची असते. जॉर्जियात कॅटेगरी एक म्हणजे फुटला तर माणसं जाण्याची शक्यता आहे, कॅटेगरी दोन म्हणजे तशी शक्यता वाटत नाही. बाकी अमेरिकेत बहुतेक ठिकाणी हाय, सिग्निफिकंट आणि लो असे तीन वर्ग करतात पण तत्त्व तेच. एकदम मजबूत, कालच बांधलेलं धरणसुद्धा पहिल्या वर्गात असू शकतं आणि रानात एखादा मोडकळीला आलेला बांध दुसऱ्या वर्गात, कारण त्याच्याखाली दोन मैल नुसतं जंगल आहे.

म्हणूनच तुमच्या बांधाला काही न होता त्याचा वर्ग बदलला. खाली घरं आली. स्टेटची माणसं अधूनमधून परत बघतात की खाली ओढ्याकाठी नवीन काय झालंय, आणि मग हिशोब करतात : बांधाला अमुक रुंदीची घळ पडली, अमुक वेळात पाणी सुटलं, तर लोंढा किती वेळात कुठे पोचेल, घराच्या जोत्याशी किती खोल आणि किती वेगाने असेल. यात दोन प्रकार बघतात, एक भर पावसात फुटला तर आणि दुसरा कोरड्या उन्हाच्या दिवशी आपोआप फुटला तर. लोकांना दुसरा पटत नाही पण मातीची धरणं आतून पोखरली जाऊन स्वच्छ हवेतही फुटलेली आहेत, आणि तेव्हा खाली कुणीच सावध नसतं.

तुमचं पाणी किती आहे बघा. १४ एकर आणि सरासरी खोली १० फूट धरली तर १४० एकर-फूट (एकरभर जागेत एक फूट पाणी म्हणजे एक एकर-फूट), म्हणजे साधारण १७ कोटी लिटर. आपल्याकडच्या दहा हजार लिटरच्या टँकरच्या भाषेत सतरा हजार टँकर, आणि बांधाला घळ पडली की ते बहुतेक सगळं तासाभरात खाली जाऊ शकतं. जॉर्जियाचा कायदा २५ फूट उंची किंवा १०० एकर-फूट साठा यातलं एक जरी असलं तरी लागू होतो, तुमच्याकडे दोन्ही आहे, त्यामुळे आम्ही छोटे आहोत हा मुद्दा चालणार नाही.

आता हा कायदा जॉर्जियात आला कुठून ते मुद्दाम सांगतो, कारण ती गोष्ट तुमच्यासारख्याच एका तळ्याची आहे. राज्याच्या उत्तरेला टोकोआ फॉल्स नावाचा धबधबा आहे, १८६ फुटांचा, त्याच्या वरच्या बाजूला केली बार्न्स धरण होतं. १८९९ मध्ये विजेसाठी तिथे लाकूड-दगडाचा बांध घातला, पुढे १९३० च्या दशकाच्या शेवटी खाली असलेल्या बायबल कॉलेजने त्याच्यावर माती टाकून तो मोठा केला, महायुद्धानंतर आणखी उंच केला, १९५७ मध्ये वीज बंद झाली आणि मग ते नुसतं मासे पकडायचं, फिरायचं तळं उरलं. सरकारचा संबंध नाही, पूर्ण खाजगी. बांधाची खालची बाजू इतकी उभी की जवळजवळ ४५ अंशाचा उतार, त्याच्यावर झाडं वाढलेली, आणि १९७३ मध्ये खालच्या उताराचा एक तुकडा घसरला होता, १२ फूट उंच आणि ३० फूट रुंद. तळ्याच्या मालकाने तेव्हा इंजिनीयर बोलावला असता तर… पण तसा नियमच नव्हता. १९७७ च्या नोव्हेंबरात चार दिवस पाऊस झाला, साधारण सात इंच, आणि ६ तारखेला पहाटे दीडच्या सुमाराला बांध फुटला. खाली कॉलेजचं आवार, विद्यार्थ्यांची कुटुंबं मोबाइल होममध्ये झोपलेली. ३९ माणसं गेली, त्यात २० मुलं. चौकशी मंडळाला एकच असं कारण सापडलं नाही, उभा उतार, झिरपा, जुना पाइप, आधीची घसरण, झाडं, सगळं मिळून झालं असंच त्यांनी म्हटलं. तळ्यात त्या रात्री पाणी होतं सुमारे ६३० एकर-फूट, तुमच्या साडेचार पट.

त्यावेळी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर, ते जॉर्जियाचेच. धरणं तपासायचा केंद्राचा कायदा १९७२ पासून होता पण त्याला पैसे दिलेले नव्हते. या घटनेनंतर लष्कराच्या इंजिनीयर्सना कामाला लावलं, पुढच्या चारेक वर्षांत सुमारे ८,८०० धरणं तपासली आणि त्यातली जवळजवळ एक तृतीयांश असुरक्षित निघाली. आणि १९७८ मध्ये जॉर्जियाने स्वतःचा सेफ डॅम्स कायदा केला. तुम्हाला आलेलं लेटर त्या कायद्याखाली आलेलं आहे.

खर्च आम्ही का करायचा या प्रश्नावर मला तुमची चिडचिड कळते आणि ती खोटी नाही. ओढ्याकाठी घरं बांधायला परवानगी देताना वर धरण आहे हे काउंटीने बघायला हवं होतं, बिल्डरने सांगायला हवं होतं, हे शंभर टक्के खरं. पण पाणी अडवून ठेवलंय तुम्ही, लेकचा व्ह्यू म्हणून घरांना जास्त भाव मिळतो तो तुम्हाला, आणि खालच्या घरात झोपलेल्या माणसाच्या हातात यातलं काहीच नाही, तो फार तर घर विकून जाऊ शकतो. अडवलेल्या पाण्याची जबाबदारी अडवणाऱ्याची, हा विचार फार जुना आहे आणि मला तो योग्य वाटतो. अमेरिकेतल्या नोंदलेल्या नव्वद हजारांहून जास्त धरणांपैकी निम्म्याहून जास्त खाजगी मालकीची आहेत, त्यामुळे तुम्ही एकटे नाही.

आता करायचं काय. धरणांचं काम करणारा इंजिनीयर शोधा, घरांची स्ट्रक्चरल कामं करणारा नको. त्याच्याकडून पहिल्यांदा फक्त दोन कामं करून घ्या, बांधाची पाहणी आणि फुटीचा अभ्यास. स्टेटचा हिशोब बऱ्याचदा ढोबळ असतो, तुमच्या इंजिनीयरने प्रत्यक्ष सर्व्हे करून खालच्या घरांना पाणी लागत नाही असं दाखवलं तर वर्ग परत बदलू शकतो, तो मार्ग मोकळा आहे. मात्र आकडे खरंच तसे असतील तरच, वर्ग कमी करून दे अशी फर्माईश करून इंजिनीयर नेमू नका. हवाईत काउई बेटावर का लोको नावाचं खाजगी मातीचं धरण होतं, १८९० च्या सुमाराचं, ऊसमळ्यांसाठी बांधलेलं. कागदावर लो हॅझर्ड. त्यामुळे कुणी तपासायला जाईना. १४ मार्च २००६ ला फुटलं आणि सात माणसं गेली. मालकाला पुढे तुरुंगवास झाला.

पाहणीत दोन गोष्टींवर जास्त वेळ घालवायला सांगा. एक सांडवा, म्हणजे तळं भरल्यावर जादा पाणी बाहेर जायची वाट. कॅटेगरी एक झाल्यावर सांडव्यातून फार मोठ्या पावसाचं पाणी जायला हवं, म्हणजे त्या भागात शक्य असलेला जास्तीत जास्त पाऊस धरतात आणि धरणाच्या आकाराप्रमाणे त्याचा ठराविक हिस्सा. साठ सालच्या शेतकऱ्याने एवढं काही धरलेलं नसणार, त्यामुळे सांडवा कमी पडतो असंच निघण्याची शक्यता जास्त. मातीच्या बांधावरून पाणी वाहायला लागलं की तो टिकत नाही, काँक्रीटसारखा तग धरत नाही.

दुसरी गोष्ट बांधाच्या पोटातून जाणारा पाइप. त्या काळात नालीदार पत्र्याचा पाइप टाकायचे आणि तो काही दशकांत गंजतो, भोकं पडतात, मग पाणी पाइपच्या बाहेरून मातीला चाटत चाटत जायला लागतं आणि वरून बघणाऱ्याला कळतही नाही. पुण्याच्या लोकांना हे वेगळं सांगायला नको, १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं तेव्हाही दुखणं विमोचकाच्या, म्हणजे धरणातून पाणी सोडायच्या, बोगद्यापाशीच होतं, अर्धवट काम, त्यावरचा भराव खचला. मातीच्या धरणातून काहीही आरपार गेलं की ती जागा कमजोर, हे कायम लक्षात ठेवा. पाइपमध्ये कॅमेरा घालून बघता येतं, तो खर्च कमी आहे, तो पहिल्याच महिन्यात करा.

आणि बांध स्वतः फोडायचं तर मनातही आणू नका. भरलेल्या तळ्याच्या बांधाला मशीनने खाच पाडली की तीच घळ होऊन तुमच्या हातात काही राहत नाही, म्हणजे ज्या गोष्टीची भीती ती तुम्हीच कराल, आणि परवानगीशिवाय केलं तर गुन्हा वेगळा. धरण काढून टाकणं हा रीतसर पर्याय आहे, त्याचाही प्लॅन मंजूर करून घ्यावा लागतो, आधी पाणी हळूहळू उतरवावं लागतं, गाळाचं काय ते बघावं लागतं, मतदानाला हा पर्याय किमतीसकट जरूर ठेवा. दरम्यान इंजिनीयरला विचारून पाणी थोडं खाली ठेवता आलं तर ठेवा. पण तेही सावकाश, दिवसाला अर्धा-एक फूट वगैरे, कारण एकदम उतरवलं तर पाण्याकडचा ओला उतार आधार गेल्यामुळे घसरतो.

शेवटचं, आणीबाणीचा प्लॅन. कॅटेगरी एकला तो लागतोच पण लागतो म्हणून नका करू. खालच्या प्रत्येक घराचा फोन नंबर, रात्री दोन वाजता कोण कुणाला फोन करणार, शेरीफचा नंबर, कुठला रस्ता पाण्याखाली जाईल, एवढं एका कागदावर या आठवड्यातच करा, त्याला इंजिनीयरची वाट बघायची गरज नाही. आणि त्या निमित्ताने खालच्या लोकांना जाऊन भेटा, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना वर तळं आहे हेच माहीत नसेल.

प्रश्न : आमच्या तळ्याच्या बांधावर छान मोठी पाइनची झाडं आहेत, इन्स्पेक्टर म्हणाला काढा. झाडांच्या मुळांनी माती धरून ठेवली जाते ना, मग काढायची कशाला? शिवाय खालच्या पायथ्याशी एक जागा कायम ओली असते, उन्हाळ्यातसुद्धा तिथलं गवत हिरवंगार असतं. ते चांगलं लक्षण समजायचं का?
— एक वाचक, नॉर्थ कॅरोलिना

उत्तर : डोंगरउतारावर झाड माती धरतं हे बरोबर, पण बांधाच्या पलीकडे पाणी उभं आहे हा फरक आहे. मुळं ओलाव्याकडे जातात, म्हणजे बांधाच्या पोटात. झाड मेलं की मूळ कुजतं आणि तिथे आयती नळी तयार होते, पाण्याला तेवढंच पाहिजे असतं. वादळात झाड उन्मळलं तर मुळासकट मातीचा एवढा मोठा गड्डा निघून जातो, आणि वादळातच पाणी वर असतं. शिवाय झाडांच्या सावलीत गवत येत नाही, उघडी माती धुपते, आणि झुडपात घुशीसारखे प्राणी बिळं करतात ती दिसत नाहीत. बांधावर हवं ते फक्त आखूड कापलेलं गवत, त्यात चालताना बीळ, भेग, खड्डा लगेच नजरेत येतो.

पण उद्याच करवतवाला बोलावू नका. मोठं झाड नुसतं कापलं तर मुळं आत कुजणारच आहेत, आणि खोड ओढून काढलं तर खड्डा पडतो. मोठ्या झाडाला पाणी खाली उतरवून, मुळं खणून काढून, तो खड्डा योग्य मातीने थरावर थर देत धुमसून भरावा लागतो, कधी कधी खालच्या बाजूला वाळूचा फिल्टरही द्यावा लागतो. हे इंजिनीयरच्या देखरेखीखालीच. बारीक रोपटी मात्र आत्ताच जमिनीलगत कापा, दरवर्षी कापा, म्हणजे पुढे ही वेळ येत नाही.

ओल्या जागेबद्दल. मातीचं प्रत्येक धरण थोडं झिरपतं, तेवढ्याने घाबरायचं नाही. बघायचं ते पाणी नितळ आहे का गढूळ, आणि वाढतंय का. तिथे एक छोटी चर काढून पाणी एका जागी गोळा होईल असं करा, खाली पाइपचा तुकडा लावा, बादली धरा आणि ती किती सेकंदात भरते ते मोबाइलवर मोजून वहीत लिहा, शेजारी तळ्याची पातळी आणि त्या आठवड्यातला पाऊस. चर काढताना बांधाच्या पायथ्यात खोदायचं नाही, पायथ्यापासून लांब, नुसती वरवरची. पातळी तीच असताना बादली लवकर भरायला लागली, किंवा काचेच्या ग्लासात पाणी धरलं आणि तळाशी माती बसली, किंवा ओल्या जागी वाळूचं छोटं वारूळ झाल्यासारखं दिसलं, तर त्या दिवशीच फोन करायचा, सोमवारची वाट बघायची नाही. गढूळ पाणी म्हणजे बांधाची माती बाहेर येतेय. आणि ते भोक खालच्या बाजूने चिकणमाती किंवा सिमेंट कोंबून बंद करायचा प्रयत्न कधीच करू नका, पाणी आत कोंडतं आणि दुसरीकडून फोडून निघतं.

प्रश्न : सर, कोकणात आमची जमीन आहे, वडिलांनी वहाळावर मातीचा बांध घातलेला, उंची सहा मीटर असेल. आता मी तिथे कृषी पर्यटन चालू केलंय, बोटिंगसाठी पाणी जास्त राहावं म्हणून सांडव्यात वाळूच्या गोण्या टाकून पातळी वाढवली आहे. २०२१ चा धरण सुरक्षेचा कायदा आम्हाला लागू होतो का? ओळखीचे इंजिनीयर म्हणाले होत नाही, निवांत राहा. खाली अर्ध्या किलोमीटरवर वाडी आहे.
— एक वाचक, रत्नागिरी जिल्हा

उत्तर : दादा, आधी त्या गोण्या काढा, उत्तर नंतर वाचा.

ओळखीचे इंजिनीयर म्हणाले ते कायद्यापुरतं बरोबर आहे. तो कायदा १५ मीटरपेक्षा उंच धरणांना लागू आहे, आणि १० ते १५ मीटरमधल्यांना काही अटींवर, म्हणजे लांबी ५०० मीटर असेल, साठा १० लाख घनमीटर असेल, पूर फार मोठा असेल, पाया अवघड असेल किंवा बांधणी वेगळ्या धर्तीची असेल तर. सहा मीटरचा बांध त्यात बसत नाही. पण निवांत राहा हा सल्ला अगदी चुकीचा आहे, कारण जॉर्जियावाल्यांना सांगितलं तोच विचार इथे लावा, तुमच्या बांधाखाली वाडी आहे. कुठल्याही शहाण्या वर्गवारीत तुमचा बांध सगळ्यात वरच्या वर्गात जाईल, भले कुठलं ऑफिस तुम्हाला तसं पत्र पाठवो न पाठवो.

सांडव्यात गोण्या टाकल्या म्हणजे पुराचं पाणी जायची वाट अडवली आणि माथ्यापर्यंतची मोकळी उंचीही खाल्ली, दोन्ही एकदम. का लोकोचा वर उल्लेख आलाय, तिथेही तपासात सांडवा बुजवलेला असल्याचं पुढे आलं होतं. कोकणात जुलैत एका दिवसात दोन-तीनशे मिलिमीटर पाऊस पडणं काही नवल नाही, वहाळाला पाणी येतं ते रात्रीत येतं आणि गोण्या काढायला तेव्हा कुणी जाऊ शकत नाही.

तिवरे धरण तुमच्याच जिल्ह्यातलं, चिपळूण तालुक्यातलं. ते सरकारी होतं आणि तुमच्यापेक्षा खूप मोठं, पण २ जुलै २०१९ च्या रात्री खालची भेंदवाडी वाहून गेली, वीसच्या आसपास माणसं गेली, आणि गळतीच्या तक्रारी लोकांनी आधीपासून केलेल्या होत्या. नंतर खेकड्यांनी धरण पोखरलं असं मंत्र्यांनी म्हटलं आणि त्यावर महाराष्ट्रभर संताप झाला. मला त्यातलं एक सांगायचंय, खेकडे, घुशी, साळिंदर बांधात बिळं करतात हे खरं आहे, कोकणातल्या माणसाला ते माहीत आहे. पण बीळ दिसल्यावर ते बुजवणं, वरचेवर बघणं हे बांध राखणाऱ्याचं काम आहे. प्राण्याला दोष देऊन ती जबाबदारी जात नाही. तुमच्या बाबतीत राखणारे तुम्हीच.

कायद्याचं म्हणाल तर तो नसला तरी तुम्ही मोकळे नाही. आपल्या जमिनीत साठवलेलं पाणी सुटून दुसऱ्याचं नुकसान झालं तर साठवणाऱ्याने भरून द्यायचं, हे तत्त्व १८६८ च्या इंग्लंडमधल्या एका निकालातून आलं, तोही खटला एका गिरणीवाल्याच्या खाजगी तलावाचाच होता, पाणी शेजारच्या खाणीत गेलं होतं. भारतात १८७४ मध्ये जमीनदारांच्या जुन्या सिंचन तलावांना त्यातून सूट मिळाली कारण ते तलाव राखणं हे त्यांचं लोकांप्रति कर्तव्यच होतं. बोटिंगच्या तळ्याला ती सूट मिळेल असं मला वाटत नाही, आणि सांडवा स्वतःहून अडवला असेल तर तो सरळ निष्काळजीपणा धरला जाईल. तरी वकिलाला एकदा विचारा.

पावसाळ्याआधी हे करा. सांडवा मूळ रुंदीचा करा, त्यातली झुडपं, दगड, पर्यटकांसाठी केलेली लाकडी पायवाट असेल तर तीही काढा. माथ्याची लेव्हल घ्या, साध्या पाण्याच्या नळीनेसुद्धा कळतं मधे कुठे बसलाय का, जिथे बसलाय तिथूनच पाणी आधी ओसंडणार. पाण्याकडच्या बाजूचं दगडी पिचिंग ढासळलं असेल तर बसवून घ्या. वडिलांनी बांधताना खाली खंदक खणून चिकणमाती भरली होती का, गाभ्याला काळी माती घातली का सगळा नुसता मुरूम, हे त्यांना किंवा तेव्हाच्या मिस्त्रीला विचारून लिहून ठेवा, नंतर सांगणारं कुणी नसेल. मग जिल्ह्याच्या जलसंधारण कार्यालयात लेखी अर्ज करा की माझ्या बांधाची पाहणी करावी, पोच घ्या. ते आले नाहीत तर पैसे देऊन माणूस आणा. आणि सरपंच, पोलीस पाटील आणि वाडीतल्या दोन-तीन घरांचे नंबर तुमच्याकडे हवेत, तुमचा त्यांच्याकडे. जोराचा पाऊस लागला की बांधावर बॅटरी घेऊन कोण जाणार ते आधी ठरवा, एकट्याने जायचं नाही आणि माथ्यावरून पाणी जायला लागलेलं दिसलं तर जवळ जायचं नाही, आधी वाडीला फोन.

बोटिंगला पाणी कमी पडलं तर तळ्यातला गाळ उन्हाळ्यात काढा, खोली मिळेल आणि पातळी वाढवावी लागणार नाही. फक्त बांधाच्या पायथ्यालगतचं खणू नका.